‘नूस’ म्हणजे मन नव्हे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्रीक तत्त्वज्ञानावर जी लेखमाला चालू आहे, तिचा विश्वाचे मन आणि माणसाचे मन यांच्या नात्यावरील भाग मी दोनदा वाचला आणि दोन दिवस विचार करून हे पत्र लिहायला बसलो आहे. ज्या वृत्तपत्रात आम्ही सकाळी कापसाचे आणि केळीचे भाव पाहतो, त्याच वृत्तपत्रात ॲनॅक्सॅगोरस आणि ॲरिस्टॉटल यांच्यासाठी पूर्ण पान राखले जावे याचा मला फार आनंद झाला. अमळनेरात १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली आणि साने गुरुजी या गावी प्रथम आले ते तेथे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठीच, शाळेतील शिक्षक ते नंतर झाले. त्यामुळे हा विषय खानदेशाला परका नाही, आणि म्हणूनच तो येथील वाचकांपुढे नेमकेपणाने यावा असे मला वाटते. लेखात दोन गोष्टी अशा आल्या आहेत की त्या तशाच राहिल्या तर वाचकाच्या मनात मूळ प्रश्नच उभा राहणार नाही. एक म्हणजे ‘नूस’ या ग्रीक शब्दासाठी सर्वत्र योजलेला ‘मन’ हा शब्द, आणि दुसरी म्हणजे ‘माणसाचे मन हे विश्वमनाचा अंश आहे असे ग्रीक मानत, आणि हाच आपला वेदान्त’ हा निष्कर्ष.

आधी शब्दाविषयी. इंग्रजी पुस्तकांत ‘नूस’चे भाषांतर पुष्कळदा ‘माइंड’ असे केलेले असते, त्यावरून मराठीत ‘मन’ येणे समजण्यासारखे आहे. परंतु मराठी माणूस मन आणि बुद्धी यांची गल्लत रोजच्या बोलण्यातही करत नाही. मन लागते, मन उडते, मन मोडते, मन भरते, दुसऱ्याचे मन राखावे लागते आणि मनात नसताना हो म्हणावे लागते. बुद्धीविषयी आपण असे काहीच बोलत नाही. ग्रीकांचा ‘नूस’ रुसत नाही आणि हिरमुसतही नाही, कारण संताप आणि वासना यांच्यासाठी त्यांच्याजवळ निराळे शब्द होते. प्लेटोने ‘फीड्रस’ या संवादात आत्म्याला सारथी आणि दोन घोडे यांच्या रथाची उपमा दिली आहे, आणि तेथेच नूसला आत्म्याचा सुकाणूधारी म्हटले आहे. आपल्याकडे कठोपनिषदातही रथ आहे. त्यात बुद्धी हा सारथी, मन हा लगाम आणि इंद्रिये हे घोडे. म्हणजे आपल्याच परंपरेची साक्ष काढली तरी ‘नूस’ला ‘मन’ म्हणणे हे सारथ्याला लगाम म्हणण्यासारखे होते. ‘बुद्धी’ हा शब्द पुष्कळ जवळचा आहे, पण तोही पुरेसा नाही. बुद्धी आपण चालवतो, वापरतो, गहाणही टाकतो. नूस हे मुख्यतः पाहणे आहे, डोळ्याने वस्तू पाहावी तसे अर्थ एकदम समोर दिसणे आहे. गणिताचे उत्तर पायरीपायरीने काढणे वेगळे आणि ते असेच का असले पाहिजे हे अचानक उमगणे वेगळे, आणि त्या उमगण्याला ग्रीक नूस म्हणत.

आता दुसरी गोष्ट. ‘ग्रीक मानत’ असे सरसकट विधान या बाबतीत करताच येत नाही, कारण अनेक शतके ग्रीक विचारवंत याच प्रश्नावर एकमेकांशी वाद घालत होते. विश्वाची व्यवस्था लावणारी जी बुद्धी आहे ती आणि माझ्या आत जी समजून घेते ती बुद्धी, यांचे नाते काय, आणि मला जे समजते ते ‘माझे’ समजणे आहे की कुणा पाहुण्याचे, हा तो प्रश्न होता.

ॲनॅक्सॅगोरसचा जन्म इ. स. पूर्व ५०० च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील क्लॅझोमेनी या नगरात झाला. पुढे तो अथेन्सला आला आणि तेथील नेता पेरिक्लीस याच्या निकटवर्तीयांत गणला गेला. त्याचे म्हणणे असे होते की आरंभी सर्व वस्तू एकत्र कालवलेल्या होत्या आणि आजही प्रत्येक वस्तूत प्रत्येक वस्तूचा वाटा आहे. अपवाद फक्त नूसचा. नूस कशातही मिसळलेला नाही, तो सर्वांत सूक्ष्म आणि सर्वांत शुद्ध आहे, आणि तो मिसळलेला असता तर त्या मिसळीनेच त्याच्या सत्तेत अडथळा आणला असता. या नूसने त्या कालव्याला फिरते केले आणि त्या फिरण्यातून दाट आणि विरळ, उष्ण आणि थंड वेगळे होत गेले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वाक्य यापुढचे आहे: नूस मोठा असो वा लहान, तो सारखाच असतो. म्हणजे मुंगीत, माणसात आणि विश्वचक्राच्या मुळाशी असलेल्या नूसमध्ये जातीचा फरक नाही. विश्वाच्या माथ्यावर बुद्धीला बसवणाऱ्या या माणसावर अथेन्सने पाखंडाचा आरोप ठेवला, कारण सूर्य हा देव नसून तापून लाल झालेला दगड आहे असे तो म्हणाला होता. अखेरीस त्याला अथेन्स सोडावे लागले आणि लॅम्प्सॅकस येथे त्याचा अंत झाला. ॲरिस्टॉटलने पुढे लिहिले की निसर्गात नूस आहे असे म्हणणारा माणूस आधीच्यांच्या भोंगळ बोलण्यात शुद्धीवर असलेल्या माणसासारखा दिसला.

या ॲनॅक्सॅगोरसवर सॉक्रेटिस कसा भाळला आणि कसा निराश झाला, ती हकीकत प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादात आहे, आणि आपल्या लेखात ती वगळली गेली याचे मला वाईट वाटले, कारण सारा पुढचा विचार तेथून वळतो. इ. स. पूर्व ३९९ मध्ये सत्तर वर्षांचा सॉक्रेटिस मृत्युदंडाच्या दिवशी तुरुंगात खाटेवर बसला आहे. पायातील बेडी नुकतीच काढली आहे आणि तो पाय चोळतो आहे. तो सांगतो की तरुणपणी कुणीतरी ॲनॅक्सॅगोरसचे पुस्तक वाचताना त्याने ऐकले की नूस सर्वांची व्यवस्था लावतो, आणि त्याला वाटले की आता प्रत्येक गोष्ट जशी आहे तशी असण्यात चांगले काय आहे हे या पुस्तकातून कळेल. पुस्तक हाती घेतले तेव्हा त्यात वायू आणि पाणी यांचीच कारणे पुढे केलेली निघाली. मग तो स्वतःचेच उदाहरण देतो: मी येथे का बसलो आहे, असे विचारल्यावर हाडे, स्नायू आणि सांधे यांचे वर्णन करणे म्हणजे उत्तर नव्हे, अथेन्सकरांना मला दोषी ठरवणे बरे वाटले आणि मला पळून न जाता येथेच थांबणे बरे वाटले, म्हणून मी बसलो आहे. ही हाडे माझ्या मतावर चालली असती तर केव्हाच शेजारच्या मेगारात नाहीतर बिओशियात पोहोचली असती, असेही तो म्हणतो. या एका परिच्छेदाने नूसचा अर्थ बदलला. केवळ गती देणारी शक्ती म्हणून ज्याचा विचार होत होता, तो आता चांगले काय ते पाहून त्याप्रमाणे रचना करणारा ठरला.

प्लेटोचा ‘टिमिअस’ हा त्याच अपेक्षेचा विस्तार आहे. त्यात एक दैवी कारागीर विश्व घडवतो, आणि घडवण्याचे कारण असे दिले आहे की तो चांगला आहे आणि चांगल्याच्या ठायी मत्सर नसतो. तो बुद्धी आत्म्यात ठेवतो, आत्मा देहात ठेवतो, आणि विश्व हाच एक जिवंत, बुद्धिमान प्राणी होतो. माणसाच्या आत्म्याचा अमर भाग त्याच पात्रात कालवला जातो ज्यात विश्वात्मा कालवला होता, पण उरलेल्या द्रव्यातून, आणि पहिल्याइतका शुद्ध नव्हे, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतीचा. आमच्या भागात एकाच शेतातल्या कापसाच्या प्रती लागतात, पहिल्या वेच्याचा कापूस वेगळा आणि शेवटच्या फरदडीचा वेगळा. बोंड तेच, सरकी तीच, तरी हात लावताच फरक कळतो. प्लेटोने माणूस आणि देव यांच्यातील अंतर असे सांगितले आहे. जन्माच्या वेळी अन्नपाण्याचा आणि संवेदनांचा लोंढा आत शिरतो आणि आपल्या आत्म्याची वर्तुळे वाकडीतिकडी फिरू लागतात. दृष्टी आपल्याला दिली आहे ती आकाशातील न चुकणारी वर्तुळे पाहून आतली भरकटलेली वर्तुळे सरळ करण्यासाठी. खगोलशास्त्राचे इतके उदात्त समर्थन मी दुसरीकडे वाचलेले नाही.

याच संवादाच्या शेवटी प्लेटो म्हणतो की माणूस हे पृथ्वीवरचे झाड नसून स्वर्गातील झाड आहे, आणि त्याचे मूळ, म्हणजे मस्तक, वर आहे. आपल्या लेखकाने हे वाक्य गीतेच्या पंधराव्या अध्यायातील ‘ऊर्ध्वमूलमधःशाखम्’ (मूळ वर, फांद्या खाली) याच्या शेजारी ठेवून दोन्ही एकच आहेत असे म्हटले. चित्र एकच आहे हे खरे, आणि ते पाहून कुणालाही आनंद होईल. पण त्या झाडाचे करायचे काय याविषयी दोघांचा उपदेश अगदी उलट आहे. गीतेतील अश्वत्थ हा संसार आहे आणि तो दृढ अशा असंगशस्त्राने, म्हणजे अनासक्तीने, तोडायचा आहे. प्लेटोचे झाड हा माणूस स्वतः आहे, आणि वरच्या मुळाला योग्य ते अन्न देऊन त्याची जोपासना करायची आहे. दोन परंपरा शेजारी ठेवण्यात जी मौज आहे ती अशा ठिकाणी थांबून पाहण्यात आहे.

ॲरिस्टॉटलविषयी मला अधिक लिहावेसे वाटते, कारण आपल्या लेखात सर्वांत मोठा अन्याय त्याच्यावर झाला आहे. त्याचा ईश्वर विश्व घडवत नाही, कारण विश्वाला त्याच्या मते आरंभच नाही. तो स्वतः न हलता सर्वांना हलवतो, आणि तेही ढकलून नव्हे. ज्याच्यावर प्रेम जडते ती व्यक्ती जागची न हलता आपल्याला ओढून घेते, त्या रीतीने तो हलवतो. तो करतो काय? तो जाणतो. कशाला जाणतो? आपल्याहून हलक्या वस्तूला जाणले तर जाणणेच हलके होईल, आणि दुसऱ्या कशावर त्याचे जाणणे अवलंबून राहिले तर ती दुसरी वस्तूच श्रेष्ठ ठरेल. म्हणून तो स्वतःलाच जाणतो, आणि त्याचे जाणणे हे जाणण्याचेच जाणणे आहे. ‘मेटाफिजिक्स’च्या बाराव्या पुस्तकातील हा भाग आहे, आणि त्यात एक वाक्य असे आहे की जी स्थिती आपल्याला क्वचित लाभते ती ईश्वराला सदैव लाभलेली असेल तर ते आश्चर्यच, आणि याहून अधिक असेल तर अधिक आश्चर्य.

आपल्या लेखात येथेच चांगदेव पासष्टीचा उल्लेख आला, आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचे देऊळ असल्यामुळे खानदेशी वाचकाला तो जवळचा वाटणारच. चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरे पत्र धाडले आणि त्याच्या उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. त्या ओव्यांत पाहणारा, पाहिले जाणारे आणि पाहणे ही त्रिपुटी मावळते, आणि ॲरिस्टॉटलही म्हणतो की शुद्ध जाणण्यात जाणणारा आणि जाणले जाणारे एकच असतात. साम्य खरोखरच आहे आणि मी ते नाकारत नाही. परंतु पत्राला उत्तर येते ही गोष्ट त्या कथेत मध्यवर्ती आहे. ज्ञानदेव लिहितात, गुरू शिष्याला ओळखतो, त्याचे कोरेपण जाणतो आणि त्याला जवळ घेतो. ॲरिस्टॉटलचा ईश्वर चांगदेवांना ओळखत नाही, कारण एकेका माणसाला जाणणे हे त्याच्या जाणण्यात बसत नाही. त्याच्याकडे आपण जाऊ शकतो. तो आपल्याकडे येत नाही. दोन्ही विचारांना ‘एकच’ म्हटल्याने ज्ञानदेवांच्या पत्रातील माया आणि ॲरिस्टॉटलच्या ईश्वराचे अलिप्तपण, ही दोन्ही वाचकाच्या हातून निसटतात.

मग माणसाच्या बुद्धीचे काय? आत्म्याविषयीच्या ग्रंथाच्या तिसऱ्या पुस्तकात ॲरिस्टॉटल म्हणतो की आपली ग्रहण करणारी बुद्धी ही काही न लिहिलेल्या पाटीसारखी असते. सर्व काही होण्याची तिची क्षमता असते, पण जाणण्यापूर्वी ती प्रत्यक्षात काहीच नसते. त्यानंतरच्या पाचव्या प्रकरणात जेमतेम पंधरा-सोळा ओळी आहेत, आणि या ओळींवर जितके भाष्य झाले आहे तितके प्राचीन ग्रंथांतील फार थोड्या ओळींवर झाले असेल. त्यात तो सांगतो की सर्व काही ‘होणारी’ एक बुद्धी आहे आणि सर्व काही ‘करणारी’ दुसरी बुद्धी आहे, आणि ही दुसरी प्रकाशासारखी आहे, कारण अंधारात जे रंग केवळ शक्यतेच्या रूपात असतात त्यांना प्रकाशच प्रत्यक्ष रंग करतो. ही करणारी बुद्धी वेगळी होऊ शकते, तिच्यावर कशाचा परिणाम होत नाही, ती कशात मिसळलेली नाही, आणि तीच एक अमर आणि शाश्वत आहे. ‘न मिसळलेली’ हा ॲनॅक्सॅगोरसचाच शब्द येथे परत आलेला दिसतो.

शेतीपंपाची वीज रात्रीची असली की कपाशीला पाणी द्यायला मध्यरात्री जावे लागते, हे येथील प्रत्येक शेतकरी कुटुंबाला ठाऊक आहे. मीही वडिलांबरोबर अनेक वर्षे गेलो आहे. अंधारात ओळीच्या दोन्ही बाजूंना झाडे अंगाला लागतात, फुले हाताला लागतात, पण आज उमललेले पिवळसर फूल कोणते आणि काल उमलून गुलाबी झालेले कोणते, हे सांगता येत नाही. बॅटरीचा झोत टाकला की दोन्ही रंग एकदम उभे राहतात. झोताने ते रंग आणले नाहीत, फुलांनीही एकट्यांनी ते दाखवले नाहीत, आणि माझे डोळे तर आधीपासून उघडेच होते. ॲरिस्टॉटलचे ते प्रकरण मी प्रथम वाचले तेव्हा मला ती कपाशी आठवली, आणि प्रश्न कळला: बॅटरी कुणाच्या हातात आहे?

ॲरिस्टॉटलने हे स्पष्ट केलेले नाही. प्राण्यांच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रंथात तो म्हणतो की केवळ नूसच बाहेरून आत येतो आणि केवळ तोच दैवी आहे. नीतिशास्त्राच्या दहाव्या पुस्तकात मात्र तो म्हणतो की माणसाने माणसासारखा आणि मर्त्याने मर्त्यासारखा विचार करावा, हा उपदेश ऐकू नये, शक्य तितके अमर व्हावे, आणि प्रत्येक माणूस म्हणजे खरे तर त्याच्यातील ही बुद्धीच आहे असे दिसते. जी बाहेरून येते तीच माझ्यातील सर्वांत ‘मी’ आहे, ही दोन विधाने एकाच माणसाची आहेत आणि ती एकत्र बसवण्यात भाष्यकारांची शतके गेली. इ. स. २०० च्या सुमारास ॲफ्रोडिसियसच्या अलेक्झांडर या भाष्यकाराने ठरवले की ती करणारी बुद्धी म्हणजे ईश्वरच, विश्वाचे पहिले कारण. चौथ्या शतकात थेमिस्टियसने ती ईश्वराहून वेगळी मानली आणि तिला माणसाच्या अंतरंगात स्थान दिले. बाराव्या शतकात इब्न रुश्द या मुस्लिम तत्त्वज्ञाने त्याही पुढे जाऊन ग्रहण करणारी बुद्धीसुद्धा सर्व माणसांची मिळून एकच असल्याचे मांडले, आणि १२७० मध्ये थॉमस अक्विनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने त्याच्याविरुद्ध एक पूर्ण ग्रंथ लिहिला, ज्याचा मुख्य आधार इतकाच होता की समजते ते ‘या’ माणसाला, आणि हे नाकारणारी कोणतीही उपपत्ती चुकीची आहे.

येथे मराठी भाषेविषयी एक निरीक्षण नोंदवतो, जे मला या सर्व वाचनात फार उपयोगी पडले. आपण ‘मी विचार केला’ असे म्हणतो, पण ‘मला समजले’, ‘मला उमगले’, ‘मला सुचले’ असे म्हणतो. विचार करणारा मी कर्ता आहे. समजताना मात्र कुठून तरी काही माझ्याकडे येते आणि मी ते घेणारा होतो. व्याकरणावरून तत्त्वज्ञान सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. तरीही ॲरिस्टॉटलचा ‘बाहेरून’ हा शब्द समजायला मराठी वाचकाला इतरांपेक्षा कमी अंतर चालावे लागते, आणि अक्विनसचा आग्रह ‘कुणाला समजले?’ या आपल्या चतुर्थीतच दडलेला आहे. लेखमालेतून हे सुचवले गेले असते तर किती बरे झाले असते.

मी एकतीस वर्षे अमळनेर तालुक्यातील एका खेड्यात गणित शिकवले. प्लेटोच्या ‘मेनो’ संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला दोन फूट बाजूचा चौरस दाखवून त्याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायला सांगतो. मुलगा आधी बाजू चार फूट सांगतो, मग तीन, आणि शेवटी कर्णावर येतो, कारण कर्णावर काढलेला चौरस मूळ चौरसाच्या दुप्पट असतो. एका वर्षी आठवीच्या वर्गाला मी मैदानावर नेऊन फक्कीने दोन पावलांचा चौरस आखला आणि तोच प्रश्न विचारला. एका शेतमजूर बाईची मुलगी पुढे आली. तिने चार पावले बाजू घेतली, आतली घरे मोजली आणि हे तर चौपट झाले म्हणून स्वतःच पुसून टाकले. तीन पावले घेतली, नऊ घरे मोजली आणि गप्प उभी राहिली. बाकीची मुले ओरडत होती. ती कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी चालत गेली, तेथे वळली, पाठीमागे पाहिले आणि म्हणाली, “सर, हाई रेघ!” मी तिला काहीही सांगितले नव्हते. प्लेटो म्हणेल, तिला पूर्वजन्मीचे आठवले. ॲरिस्टॉटल म्हणेल, प्रकाश पडला. मी एवढेच सांगू शकतो की त्या रेघेची लांबी तिला आणि अथेन्समधील त्या मुलाला एकच दिसली, आणि तरीही त्या दुपारी ती रेघ पाहिली ती तिनेच. शेजारी उभ्या असलेल्या मुलांना ती अजून दिसली नव्हती. बुद्धी सर्वांची एक आहे आणि समजणे प्रत्येकाचे वेगळे आहे, या दोन्ही गोष्टी मी त्या मैदानावर एकाच क्षणी पाहिल्या. दोन्हींचा मेळ कसा घालावा, यासाठीच मी निवृत्तीनंतर हे ग्रंथ वाचत आहे.

‘अंश’ हा आपल्या लेखातील शब्द एका ग्रीक संप्रदायाला मात्र पूर्णपणे लागू पडतो, तो स्टोइकांचा. त्यांच्या मते ईश्वर म्हणजे विश्वभर पसरलेला अग्निमय श्वास आणि माणसाची बुद्धी त्याचा तुटून आलेला तुकडा. गुलामगिरीत वाढलेला एपिक्टेटस आपल्या श्रोत्यांना बजावतो की तू ईश्वराचा तुकडा आहेस, आणि रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस स्वतःच्या टिपणात लिहितो की प्रत्येकाचा नूस हा देव आहे आणि तेथूनच वाहत आला आहे. परंतु स्टोइकांचा ईश्वर शरीरधारी आहे, त्यामुळे वेदान्ताशी त्याची तुलना जपून करावी लागते. एपिक्युरसने तर ही सगळी बांधणीच नाकारली. बुद्धी अणूंची आहे आणि देवांना आपल्याशी कर्तव्य नाही, असे तो म्हणे. त्याचे नावही लेखात नसावे हे मला खटकले.

वेदान्ताच्या खरोखर जवळ कुणाला न्यायचे असेल तर ते तिसऱ्या शतकातील प्लोटायनस या तत्त्वज्ञाला, आणि पुढच्या भागात तो येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे म्हणून दोन गोष्टी आताच लिहितो. पर्शियन आणि भारतीय तत्त्वज्ञान प्रत्यक्ष जाणून घ्यावे या ओढीने तो एकोणचाळिसाव्या वर्षी, इ. स. २४३ मध्ये, सम्राट गॉर्डियनच्या पूर्वेकडील मोहिमेत सामील झाला, असे त्याचा शिष्य पॉर्फिरी सांगतो. सम्राट मेसोपोटेमियात मारला गेला, मोहीम फसली आणि प्लोटायनस कसाबसा अँटिओकला पोहोचून तेथून रोमला गेला. तो भारतात आलाच नाही. त्यामुळे या प्रवासाच्या आधारावर ‘ग्रीकांनी आपल्याकडून घेतले’ असे विधान करता येत नाही. दुसरी गोष्ट त्याच्या मताची. परम एक, त्यापासून नूस आणि नूसपासून आत्मा, अशी त्याची उतरण आहे, आणि तो म्हणतो की आपला आत्मा पुरता खाली उतरलेलाच नाही. त्याचा एक भाग सदैव वरच, नूसमध्ये आहे, फक्त खालच्या गलबल्यात आपल्याला त्याची जाणीव होत नाही. हे धाडसी मत असून ते रूढ मतांविरुद्ध आहे हे त्याने स्वतः मान्य केले आहे, आणि त्याच्याच परंपरेतील आयॅम्ब्लिकस आणि प्रोक्लस यांनी ते अमान्य केले. त्यांच्या मते माणसाचा आत्मा संपूर्ण उतरतो आणि म्हणूनच त्याला देवांच्या साहाय्याची गरज लागते. हा वाद आपल्या अद्वैत आणि द्वैत संप्रदायांच्या वाचकाला फार ओळखीचा वाटेल, आणि लेखकाने तो दोन्ही बाजूंनी मांडावा अशी माझी विनंती आहे.

लेखमालेच्या पुढील भागांत ‘नूस’ हा शब्द तसाच ठेवावा, आणि प्रथम येईल तेथे ‘पाहणारी बुद्धी’ असा खुलासा द्यावा, असे मला सुचवावेसे वाटते. मागील भागासंबंधी एक छोटी दुरुस्ती छापता आली तर जे विद्यार्थी ही कात्रणे जपून ठेवतात त्यांची सोय होईल. प्लोटायनसच्या चोपन्न निबंधांचे इंग्रजी भाषांतर माझ्याकडे आहे. त्यात न उतरलेल्या आत्म्याविषयीची पाने मी खुणा करून ठेवली आहेत. लेखकांना ती पुस्तके हवी असल्यास आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक
अमळनेर, जि. जळगाव